नव्या सूचीत आपली नोंद
(मंगरूळपीर येथे भरलेल्या आपल्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदा मला जो विषय नेमून दिला, तो ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्याने उभे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात घालविले, त्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या प्राथमिक शिक्षकाने व्यापाराविषयी, आणि तेही मोबाईलच्या पडद्यावर उमटणाऱ्या व्यवसाय-सूचींविषयी बोलावे, हे वरकरणी विसंगत दिसते. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येईल, की हा विषय मुळात लेखनाचा आहे. नाव कसे लिहावे, पत्ता कसा लिहावा, एकदा लिहिलेले सर्वत्र सारखे कसे ठेवावे आणि खोटे का लिहू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात मुलाचे नाव लिहिताना एका काना-मात्रेची चूक झाली, तर पुढे जातीच्या दाखल्यापासून पडताळणी समितीपर्यंत त्या कुटुंबाला किती खेटे घालावे लागतात, हे या सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुकानाच्या नोंदीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की मुलाचा दाखला अडला तर बाप धावपळ करतो. दुकानाची नोंद चुकली तर गिऱ्हाईक गुपचूप दुसरीकडे जाते आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रथम या विषयाची निकड का उत्पन्न झाली, ते पाहू. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे लहान धंद्यांवर उभी आहेत. कुणाचे कापडाचे वा शिलाईचे दुकान, कुणाचा किराणा, कुणाचे कृषी केंद्र, कुणाची खानावळ, कुणाचे मोटारसायकल-दुरुस्तीचे काम. आपल्या वाडवडिलांच्या काळी गिऱ्हाईक हे ओळखीचे असे. आठवडी बाजाराला आलेला शेतकरी दुकानाची पाटी वाचत नसे. तो दुकानदाराला नावाने हाक मारीत असे. ते गिऱ्हाईक आजही आहे आणि ते आपले खरे भांडवल आहे. परंतु त्याच्या जोडीला आता अनोळखी गिऱ्हाईक आले आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो आपल्या वाशिम जिल्ह्यातून, आपल्या तालुक्यातील शेलूबाजारच्या परिसरातून जातो. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याला, बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेला आणि शेजारच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला दूरदूरचे भाविक येतात. बँकेत, शाळेत, तहसिलीत बदलून आलेली माणसे येथे बिऱ्हाडे करतात. आपली स्वतःची मुले पुण्याला नोकरीस असतात आणि तेथून आईवडिलांसाठी गावातल्या दुकानात फोन करून वस्तू पोहोचवावयास सांगू इच्छितात. ही सारी माणसे चौकात उभे राहून कुणाला विचारीत नाहीत. ती खिशातला मोबाईल काढून त्याला विचारतात. आणि ऑगस्ट २०१७ पासून गुगलवर मराठीत बोलूनही शोध घेता येऊ लागल्यामुळे, ज्याला इंग्रजी लिहिता येत नाही तोही आता 'जवळचे शिलाईचे दुकान' असे तोंडाने विचारतो. त्या उत्तरात ज्याचे दुकान नाही, त्याचे दुकान त्या माणसापुरते बंदच आहे. मग शटर सताड उघडे का असेना.

कुणी म्हणेल, हे सारे नव्या काळाचे खूळ आहे. वस्तुतः सूची ही जुनीच गोष्ट आहे. अमेरिकेत न्यू हेवन येथे १८७८ साली दूरध्वनी वापरणाऱ्यांची पहिली सूची निघाली; ती एकाच कागदाची होती, तीत सुमारे ५० नावे होती आणि विशेष म्हणजे क्रमांक एकही नव्हता. नाव सांगितले की मध्यस्थ तार जोडून देत असे. आपल्या मुंबईत दूरध्वनीचे केंद्र १८८२ साली सुरू झाले. पुढे दूरध्वनीच्या जाड जाड पुस्तकांत धंद्याप्रमाणे वर्गवारी करून पिवळी पाने येऊ लागली. आपल्याकडे १९९६ साली मुंबईत जस्टडायल ही संस्था निघाली; तिचे मूळ स्वरूप फोनवरूनच चौकशी करण्याचे होते. गुगलचा नकाशा २००५ साली आला, दुकानदारांनी स्वतः भरावयाची त्याची नोंद २०१४ साली एकत्रित स्वरूपात सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ पासून तिला 'बिझनेस प्रोफाइल' असे नाव पडले. आणि दूर कशाला जावयाचे? या आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर दरवर्षी 'शुभेच्छुक' म्हणून ज्या जाहिराती आपण देतो, ती सूचीच नव्हे काय? आपली कुटुंब-परिचय पुस्तिका ही सूचीच नव्हे काय?

मात्र या दोन सूचींत एक भेद आहे आणि माझ्या आजच्या सांगण्याचा तो गाभा आहे. ज्ञातीची सूची आपल्याला आपल्यांशी जोडते. नवी सूची आपल्याला परक्यांशी जोडते. आपला माणूस नोंदीतली चूक सुधारून घेतो. पुस्तिकेत फोनचा एक आकडा चुकला तर तो मामेभावाला विचारून खरा क्रमांक मिळवितो. परका माणूस तसे करीत नाही. त्याच्यापाशी आपल्याविषयी त्या नोंदीखेरीज दुसरे काही नसते. तस्मात् परक्यासाठी केलेली नोंद ही आपल्यांसाठी केलेल्या नोंदीपेक्षा अधिक खरी, अधिक पुरी आणि अधिक ताजी असावी लागते.

आता गावाच्या नावापासूनच आरंभ करू. आपल्या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. त्यांतील मालेगाव म्हटले की अर्धा महाराष्ट्र नाशिक जिल्ह्यातील मालेगाव समजतो. कारंजा म्हटले की 'लाड' की 'घाडगे' असे विचारावे लागते, कारण दुसरे कारंजे वर्धा जिल्ह्यात आहे. आणि आपल्या मंगरूळाचे तर विचारूच नका. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यात मंगरूळ दस्तगीर आहे, त्याच जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा आहे, बुलढाणा जिल्ह्यात मंगरूळ नवघरे आहे. मराठीत आपण कधी 'रू' दीर्घ लिहितो, कधी ऱ्हस्व. कधी 'पीर' जोडून, कधी तोडून. काही जण मंगरूळनाथ असेही लिहितात. रोमन लिपीत तर जितके हात तितकी रूपे. मोबाईल कित्येकदा आपल्या नावाची दुरुस्ती करून आपल्याला थेट कर्नाटकातल्या मंगळूरास नेऊन सोडतो!

ही अडचण आपल्या देशात फार पूर्वी एका मराठी माणसाने ओळखली होती. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिनकोडची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अंमलात आली. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि अनेक लिप्या असलेल्या देशात पत्र चुकू नये, हा त्या योजनेचा हेतू होता. नावाचा घोटाळा अंकाने सुटतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपला पिनकोड ४४४४०३ हा आहे. व्यवसायाची नोंद करताना गाव, तालुका, जिल्हा वाशिम आणि हे सहा अंक यांपैकी एकही गाळू नये. आता तर टपाल खात्याने २०२५ साली 'डिजिपिन' नावाची नवी योजना आणली आहे. तीत साऱ्या देशाची सुमारे चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा चौकोनांत विभागणी केली असून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण दिली आहे. म्हणजे एका दुकानाच्या उंबरठ्याचीही ओळख देता येते. जेथे गल्लीला नाव नाही आणि घराला क्रमांक नाही, अशा आपल्यासारख्या गावांना तिचा उपयोग होण्याजोगा आहे.

गावानंतर दुकानाचे नाव. आपल्या समाजातील एका शिलाईच्या दुकानाची नोंद आम्ही काही मंडळींनी मध्यंतरी तपासून पाहिली. पाटीवर नावापुढे 'ड्रेसेस' असे होते, पावतीपुस्तकावर 'टेलर्स' असे होते, एका सूचीत केवळ मालकाचे नाव होते आणि दुसऱ्या सूचीत कुणी वाटसरूने नोंदविलेले नुसते 'शिलाई दुकान' होते. फोनचे क्रमांक तीन, त्यांतील एक बंद. आता सांगा, यंत्राने हे एक दुकान समजावे की चार? या सूची चालविणारी यंत्रे निरनिराळ्या ठिकाणची माहिती ताडून पाहतात. नाव, पत्ता आणि फोन ही तिन्ही सर्वत्र एकसारखी आढळली, तर नोंद विश्वासार्ह ठरते. नाहीतर एका दुकानाची पुण्याई चार वाट्यांत विभागली जाते. म्हणून पहिला नियम हा, की पाटीवर जे नाव, तेच पावतीवर, तेच परवान्यावर आणि तेच प्रत्येक सूचीत. नावापुढे 'सर्वोत्तम', 'स्वस्त' किंवा 'मंगरूळपीरमधील एक नंबर' अशी शेपटे जोडू नयेत. गुगलच्या नियमांत त्यास स्पष्ट मनाई आहे, आणि असली नोंद स्थगित होऊ शकते.

पाटीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्व दुकानांची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक झाले आहे आणि अन्य लिपीतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी असू नयेत, असाही दंडक आहे. हा कायद्याचा भाग झाला. परंतु सूचीच्या दृष्टीनेही पाटीला महत्त्व आहे, कारण नोंद आपलीच आहे हे पटविण्यासाठी गुगल आता बहुधा दुकानाचे चलच्चित्र मागते. त्यात रस्ता, पाटी, आतला माल आणि कुलूप उघडण्याचा किंवा गल्ल्यामागे बसण्याचा आपला अधिकार दिसावा लागतो. पाटीच नसेल, किंवा पाटीवर एक आणि नोंदीत दुसरेच नाव असेल, तर ही परीक्षा उत्तीर्ण होणे कठीण.

फोनच्या क्रमांकाविषयी एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. बंद झालेला मोबाईल क्रमांक ९० दिवस उलटल्यावर दुसऱ्या माणसास दिला जाऊ शकतो. म्हणजे आपण जुना क्रमांक सोडला आणि नोंदीत तसाच राहू दिला, तर आपल्या दुकानाचे गिऱ्हाईक एखाद्या भलत्याच गृहस्थाला फोन करीत राहील. क्रमांक बदलला की त्याच दिवशी सर्व सूचींत बदलावा. दुकानाच्या वेळांचेही असेच. दिवाळी, ईद, यात्रा, घरचे लग्नकार्य अशा दिवशी दुकान बंद असेल तर तशी विशेष वेळ आगाऊ नोंदविण्याची सोय आहे. 'उघडे' असे वाचून दहा कोस आलेला माणूस बंद दाराशी उभा राहिला, तर तो पुन्हा आपल्याकडे येईल, ही आशा व्यर्थ होय.

नोंद करण्याची रीत आता थोडक्यात सांगतो. प्रथम आपले दुकान नकाशावर आधीच आहे काय, ते शोधावे. पुष्कळदा कुणीतरी ते आधीच घातलेले असते. तसे असल्यास नवी नोंद करू नये. तीच आपली म्हणून मागावी आणि पडताळणी पुरी करावी. मग धंद्याचा वर्ग निवडावा. येथे एक मुख्य वर्ग आणि जोडीला नऊ उपवर्ग देता येतात. परंतु जे आपण खरोखर करतो तेवढेच द्यावे. बियाणे विकणाऱ्याने कीटकनाशकाचा परवाना नसताना तो वर्ग घालू नये. नंतर नकाशावरील खूण बरोबर दारावर आणावी. बसस्थानकामागच्या दुकानाची खूण बसस्थानकावर राहू देऊ नये. मग समोरून, आतून आणि मालाची अशी स्वच्छ छायाचित्रे घालावीत आणि साध्या मराठीत चार ओळींत आपण काय देतो ते लिहावे. गुगलवर या वर्णनास ७५० अक्षरांची मर्यादा आहे. ती पाळणे आपणा सर्वांस सोपे जावे, कारण निबंधलेखनात आपला समाज फारसा लांबण लावीत नाही. हे झाले की तीच माहिती, शब्दशः तीच, जस्टडायलसारख्या अन्य सूचींत भरावी.

यावर सर्वांचा एकच प्रश्न असतो: 'गुरुजी, आमचे नाव सर्वांत वर केव्हा येईल?' याचे उत्तर गुगलने स्वतःच जाहीर केले आहे. तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, विचारणाऱ्याच्या प्रश्नाशी आपला धंदा किती जुळतो. दुसरी, तो उभा आहे तेथून आपण किती अंतरावर आहोत. आणि तिसरी, आपली ख्याती किती आहे. यांपैकी अंतर आपल्या हाती नाही. जुळणी आपल्या हाती आहे, ती खऱ्या आणि पुऱ्या माहितीने साधते. ख्याती ही हळूहळू, गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांनी आणि इतरत्र झालेल्या उल्लेखांनी वाढते. पैसे देऊन या क्रमात वर जाता येत नाही, असेही गुगलने स्पष्ट म्हटले आहे. पैसे देऊन जाहिरात करता येते, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर 'प्रायोजित' अशी खूण असते.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण 'आम्ही गुगलमधून बोलतो, इतके रुपये भरा, नाहीतर तुमचे दुकान नकाशावरून निघून जाईल' असे फोन आपल्या मंडळींना येतात. ती नोंद विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणारा, आणि मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारणारा, हा ठक समजावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. नकाशावरील माहितीत कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. २०१८ साली महाराष्ट्रात ठकांनी बँकेच्या शाखांच्या नोंदीतील फोन बदलून आपले घातले आणि खातेदारांना फसविले, अशा तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. जेथे बँकेची नोंद सुरक्षित राहिली नाही, तेथे आपल्या किराणा दुकानाची काय कथा? म्हणून महिन्यातून एकदा आपली नोंद परक्याच्या डोळ्यांनी उघडून पाहावी.

त्याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट. नोंदीचे खाते मालकाच्या स्वतःच्या नावाने असावे. आपल्याकडे होते असे, की पुतण्याचा मित्र किंवा संगणक-केंद्रातला मुलगा स्वतःच्या खात्यावरून नोंद करून देतो. पुढे तो पुण्याला जातो आणि दुकानाची किल्ली त्याच्या खिशात राहते. मालकाने स्वतः खाते उघडावे आणि मदतनिसाला केवळ व्यवस्थापक म्हणून जोडावे. तशी सोय आहे. आपल्या घराचा सातबारा आपण शेजाऱ्याच्या नावे लिहीत नाही, मग ही नोंद का लिहावी?

आता मी अशा मुद्द्याकडे वळतो, की ज्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. तरुण मंडळींपैकी काहींनी सूचना केली, की आपण सर्व ज्ञातिबांधवांनी एकमेकांच्या दुकानांना पाच-पाच तारे द्यावे. तीनशे कुटुंबे मनावर घेतील तर आपली सर्व दुकाने एका रात्रीत वर येतील. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. त्यांना समाजाची कळकळ आहे. तरीही मी या सूचनेस स्पष्ट विरोध करतो. ज्याने दुकानाची पायरी चढली नाही, त्याने तारे देणे हे नियमाने निषिद्ध आहे. असे अभिप्राय काढून टाकले जातात आणि खऱ्या अभिप्रायांवरही संशय येतो. आपल्या देशातही भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे. परंतु नियमाची भीती हे माझे मुख्य कारण नव्हे. मी शाळेत होतो तेव्हा निरीक्षक येत आणि शेरेबुकात शेरा लिहीत. तो शेरा मुख्याध्यापकाने स्वतःच लिहिला असता, तर त्याला किंमत किती राहिली असती? आपल्या वाडवडिलांनी या पेठेत जी पत मिळविली, ती परज्ञातीच्या माणसांनी दिलेली होती. 'अमुक समाजाच्या दुकानात माप खोटे नसते' हे वाक्य आपण स्वतःविषयी बोललो नाही. ते दुसऱ्यांनी आपल्याविषयी बोलले, म्हणून ते टिकले. तीनशे खोट्या ताऱ्यांनी ती पत वाढणार नाही. उलट एक दिवस पेठेतला कुणी चाणाक्ष माणूस ती नावे वाचील आणि हसेल. तेव्हा एका दुकानाची नव्हे, साऱ्या समाजाची पत जाईल.

मग करावे काय? ज्याने खरोखर माल घेतला, तो ज्ञातीचा असो वा नसो, त्याला नम्रपणे सांगावे, 'काम आवडले असेल तर दोन शब्द लिहा.' त्याने काय घेतले, केव्हा घेतले आणि कसे वाटले, ते लिहिले की पुरे. त्याबद्दल सूट किंवा बक्षीस देऊ नये. आणि कुणी वाईट लिहिले तर चिडू नये. शेरेबुकातील प्रतिकूल शेऱ्याखाली आम्ही पूर्तता लिहीत असू. तद्वत त्या अभिप्रायाखाली शांतपणे उत्तर लिहावे, उणीव असल्यास दूर केल्याचे सांगावे. परका वाचक तक्रारीपेक्षा उत्तराकडे अधिक पाहतो. ज्या दुकानाला एकही तक्रार नाही त्यापेक्षा, ज्याने तक्रारीला सभ्यपणे उत्तर दिले त्याच्यावर शहाणे गिऱ्हाईक अधिक विश्वास ठेवते, असे माझे नम्र मत आहे.

भगिनींविषयी दोन शब्द बोललो नाही, तर हे व्याख्यान अपुरे राहील. आपल्या अनेक माताभगिनी घरूनच धंदा करतात. पापड-कुरडया, डबे, ब्लाउजची शिलाई, मेंदी. त्यांचे नाव कोणत्याच सूचीत नसते, कारण घराचा पत्ता चारचौघांत मांडणे त्यांना प्रशस्त वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांना हे माहीत असावे, की गुगलवर पत्ता लपवून केवळ आपण कोणत्या गावांत सेवा देतो एवढेच दाखविण्याची सोय आहे; अशी २० पर्यंत ठिकाणे देता येतात. म्हणजे मंगरूळपीर, शेलूबाजार, मानोरा, कारंजा असे लिहिता येईल आणि घर मात्र नकाशावर दिसणार नाही. घरच्या मोबाईलऐवजी धंद्यासाठी निराळा क्रमांक ठेवला, तर आणखी बरे. ज्या घरातील स्त्री दहा डबे पोहोचविते, तिला पंधरा मिळावेत, हा काही लहान लाभ नव्हे; त्या पाच डब्यांत एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च निघतो.

येथे एक शंका निघेल. 'गुरुजी, उद्या ही कंपनी बुडाली किंवा तिने नियम बदलले, तर?' शंका सयुक्तिक आहे. ही सूची आपल्या मालकीची नाही. गुगलने नोंदीला जोडून दिलेली छोटी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली, हे ताजे उदाहरण आहे. म्हणून सूची ही वाट दाखविणारी पाटी समजावी, घर समजू नये. गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक आपल्या स्वतःच्या वहीत असावेत. बोलणाऱ्याची बोरे विकतात हे खरे. परंतु बोरे किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. सूची गिऱ्हाइकाला एकदा दारापर्यंत आणील. दुसऱ्यांदा त्याला आणणे हे आपल्या मापाचे, शिवणीचे आणि बोलण्याचे काम आहे.

शेवटी मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो आणि त्यांवर विचार व्हावा अशी विनंती करतो. पहिली, महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे एक पथक व्हावे आणि त्यांनी सुट्टीत ज्ञातीतील प्रत्येक दुकानास भेट देऊन नोंद तपासून द्यावी. मात्र खाते मालकाच्याच हाताने, त्याच्याच मोबाईलवर उघडून द्यावे. या निमित्ताने दोन पिढ्या एका गल्ल्यामागे बसतील, हाही लाभच. दुसरी, मंडळाने एका पानाचा छापील तक्ता करावा. त्यात दुकानाचे ठरलेले नाव मराठीत आणि रोमन लिपीत, पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन, वेळ आणि धंद्याचा वर्ग एवढे असावे. तो तक्ता दुकानात भिंतीवर लावावा आणि कोणतीही नोंद करताना त्यावरूनच अक्षरशः उतरून घ्यावे. शाळेत आम्ही पाढे भिंतीवर लावीत असू, त्यातलाच हा प्रकार. तिसरी, पुढील वर्षीच्या स्मरणिकेतील शुभेच्छुकांच्या जाहिरातीही त्याच तक्त्याप्रमाणे छापाव्यात, म्हणजे आपल्यांची सूची आणि परक्यांची सूची यांत एका अक्षराचाही फरक राहणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपण नव्या वहीला हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. त्या दिवशी दुकानाची नोंदही एकदा उघडून वाचावी. नाव बरोबर आहे काय, क्रमांक चालू आहे काय, खूण दारावर आहे काय, आणि वर्षभरात ज्यांनी लिहिले त्यांना उत्तर दिले आहे काय, एवढे पाहावयास अर्धा तास पुरे. वहीत खोटा आकडा लिहू नये, ही आपल्या घरांतली शिकवण आहे. तीच या नव्या वहीलाही लागू करावी.